सहा इंच हे माप नव्हे

गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या चिंचवडच्या घरात पुरुषांना पान मिळायला तीन वाजतात. आधी गौरी, मग सवाष्णी, मग उरलेले. तोवर भुकेल्या माणसांनी एकमेकांशी वाद घालावा, अशी जुनी वहिवाट आहे. यंदा वाद लागला तो माझ्या मेहुण्यांचा आणि माझ्या लेकीचा, आणि तोही एका राखाडी पाइपावरून.

पाइप लॅपटॉपच्या पडद्यावर होता. लेक हिंजवडीतल्या एका डिझाइन ऑफिसात रासायनिक कारखान्यांची थ्रीडी मॉडेलं सांभाळते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकासमोर मॉडेल रिव्ह्यू होता, म्हणून तिला पुरण वाटण्यातून माफी मिळाली होती. मेहुणे कराडहून आलेले. मुंबईत बत्तीस वर्षं पाइपिंग डिझाइन केलं. पहिली दहा ड्रॉइंग बोर्डवर, उरलेली पीडीएमएस या थ्रीडी प्रोग्रॅमवर. मी इरेक्शनवाला. या दोघांसारख्यांनी काढलेले पाइप साइटवर उचलून बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो.

मेहुण्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्यावर बोट टेकवलं.

"सगळे पाइप रंगीत, हे एवढेच राखाडी का गं?"

"ते बाहेरून आलेत, मामा. एका युनिटचं काम दुसऱ्या ऑफिसकडे आहे. त्यांचा प्रोग्रॅम वेगळा, आमचा वेगळा. त्यांचे बाकीचे पाइप नीट उतरले. हे चाळीसेक आमच्या प्रोग्रॅमनं आत घेतलेच नाहीत. मग मी नुसता आकार मागवून बसवला. कुठे कशाला धडकतोय, तो क्लॅश तरी दिसावा."

"लाइन नंबर काय याचा?"

तिनं क्लिक केलं. खिडकी उघडली. लांबी होती, रंग होता. लाइन नंबर नाही, मटेरियल नाही, स्पेक नाही, आतून काय वाहतंय त्याचा पत्ता नाही.

"मग हा पाइप नव्हेच. हा पाइपाचा फोटो."

"फोटो नाही, पुतळा म्हणा. चारी बाजूंनी बघता येतो."

"पुतळ्याला हार घालता येतो, ठमे. कामाला लावता येत नाही."

इथे वाचकासाठी एक खुलासा. कारखान्याच्या मॉडेलमधला पाइप म्हणजे नुसती नळकांडी नसते. मेहुण्यांच्या पीडीएमएसमध्ये साइटच्या पोटात झोन, झोनच्या पोटात पाइप, पाइपाच्या पोटात ब्रँच अशी उतरंड असते. प्रत्येक ब्रँचला एक हेड आणि एक टेल. हेड कुठल्या पंपाच्या कुठल्या नोझलला लागलंय आणि टेल कुठे संपलंय, हे त्यात नोंदलेलं असतं. नोझल हलला की जोड तुटल्याचं प्रोग्रॅम सांगतो. आकार तेवढा दुसरीकडे नेला की ही सोयरीक मागे राहते. पाइप पंपाला टेकलेला दिसतो, पण तो पंप आपला आहे हे त्याला ठाऊक नसतं.

"आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता," मेहुणे म्हणाले. हे वाक्य येणार हे मला माहीत होतं. "केंब्रिजच्या कॅडसेंटरनं सत्तरच्या दशकात पीडीएमएस काढलं, त्यामागची कल्पनाच ही, की अख्खा कारखाना एका डेटाबेसमध्ये. सिव्हिलवाला, इक्विपमेंटवाला, पाइपिंगवाला, सगळे एकाच घरात. त्याच्याही आधी प्लॅस्टिकची छोटी मॉडेलं करायचे. टेबलाभोवती सगळे उभे राहायचे आणि व्हॉल्व्हच्या चाकाला हात पोचतो का ते बोट घालून बघायचे. टेबल एक, मॉडेल एक. द्यायचं-घ्यायचं काय त्यात?"

"आणि ते टेबल किती मोठं करणार? प्रोसेसचा परवाना देणारे एका देशात, काँप्रेसर बनवणारे दुसऱ्या, डिझाइन आमच्याकडे, स्टील भलत्याकडेच. काँप्रेसरवाला मशीन डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये काम करतो, कारण त्याला इंपेलर काढायचाय. स्टीलवाला टेक्ला वापरतो. स्ट्रेसवाला सीझर-टू. त्यांना म्हणू, सोडा तुमचं, आमच्या घरात राहायला या?"

"मालकानं निविदेतच लिहावं. अमुक प्रोग्रॅम, तमुक आवृत्ती."

"लिहितात की. म्हणून भागतं थोडंच? एअरबसचं ए३८० घ्या. हॅम्बुर्गची माणसं कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर, तुलूझची पाचव्या. प्रोग्रॅम एकच, कंपनी एकच. तरी हॅम्बुर्गला केलेल्या वायरींच्या जुड्या तुलूझला विमानात बसेनात. एकेका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायर! २००६ मध्ये सगळं बाहेर आलं आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला. तुमचं एकच घर होतं ना ते?"

मेहुणे थोडे मागे सरकले. एका घरातही दोन चुली असतात, हे त्यांना आमच्या घरात बसून नाकारता येईना. पण मागे सरकणं हा त्यांचा पवित्रा असतो, माघार नव्हे.

"बरं. मग मला सांग, काँप्रेसरवाल्याचं मॉडेल आलं तेव्हा काय केलंस?"

ती हसली. "त्याचं नाव नका काढू."

स्टेप फाइल आली होती. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३, वेगवेगळ्या प्रोग्रॅमांत वस्तूची देवघेव व्हावी म्हणून १९९४ पासून प्रसिद्ध होत आलेलं मानक. फाइल उत्तम होती. इतकी उत्तम, की बोल्टांवरचे आटेसुद्धा त्यात कोरलेले. पाण्याचा एक थेंब मागावा आणि कुणी टँकर आणून उभा करावा तसं झालं. अख्ख्या कारखान्याचं मॉडेल त्या एका मशीननं गुदमरलं. तिनं दोन दिवस बसून आतलं सगळं उपसलं, बाहेरचं टरफल ठेवलं.

"म्हणजे शेवटी डबाच केलास," मेहुणे विजयानं म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी केला असता. एक डबा, दोन सिलिंडर, नोझल बरोबर जागी. कॉपी मागवायची ती ड्रॉइंगची. आकडे वाचायचे आणि आपल्या हातानं मॉडेल उभं करायचं. हातानं केलेल्या कामात मधे भाषांतर करणारा नसतो."

"मधे तुम्ही असता, मामा. वाचताना चुकणारे."

"मी चुकलो तर मला कळतं कुठे चुकलो ते. तुझा प्रोग्रॅम चुकतो तेव्हा मुकाट चुकतो."

मला वाटतं, या वादातलं सर्वांत खरं वाक्य हेच. मी मधे तोंड घातलं, कारण मुकाट चूक कशी असते ते त्या दोघांपेक्षा मला जास्त माहीत आहे. एका साइटवर, नाव नको, दोन ऑफिसांनी वाटून केलेलं काम होतं. पंपाच्या डिस्चार्जपासून एक्स्चेंजरपर्यंत सरळ लाइन. दोन्ही टोकं पक्की. मधे पाच फ्लँजजोड. एका प्रोग्रॅमात गास्केट हा स्वतंत्र भाग होता, जाडीसकट. दुसऱ्यात उतरताना तो गळला आणि फ्लँजला फ्लँज भिडून बसले. पडद्यावर कुठे फट नाही, कुठे क्लॅश नाही, लाइनचे आयसोमेट्रिक नकाशे, म्हणजे आयसो, देखणे. स्पूल, म्हणजे वेल्ड करून तयार केलेले पाइपाचे तुकडे, यार्डातून आले, आम्ही एकेक लावत गेलो, प्रत्येक जोडात ३ मिलिमीटरचं गास्केट घालत गेलो, आणि शेवटचा स्पूल काही बसेना. पाच त्रिक पंधरा. पंधरा मिलिमीटर जास्त.

"मग?" लेकीनं विचारलं. तिनं ही गोष्ट ऐकली होती, पण आज जरा वेगळ्या कानांनी ऐकत होती.

"मग काय. फोरमन म्हणाला, चेनब्लॉक लावून रेटू. रेटला असता तर तो सगळा जोर पंपाच्या नोझलवर गेला असता आणि पंपाचं अलाइनमेंट गेलं असतं. पाइपिंगचा बी३१.३ कोड बोल्टांची भोकं ३ मिलिमीटरपलीकडे सरकलेली चालवून घेत नाही, तिथे पंधराची कोण दाद घेतो. फ्लँज कापला, पाइप आखूड केला, पुन्हा वेल्ड, पुन्हा एक्सरे. दोन दिवस क्रेन नुसती उभी. आणि दोन्ही ऑफिसं म्हणत होती, आमच्या मॉडेलमध्ये सगळं बरोबर आहे."

"होतंच बरोबर," मेहुणे म्हणाले. "ज्याच्या-त्याच्या मॉडेलमध्ये."

आतून ताटल्यांचा आवाज आला. आम्ही तिघंही आशेनं वळलो. सवाष्णींची दुसरी पंगत बसत होती.

लेक आता अंगात आल्यासारखी बोलू लागली. तिचं म्हणणं असं, की दोष देवघेवीचा नाही, अर्धवट देवघेवीचा आहे. गास्केट गळालं कारण आकार पाठवला आणि अर्थ ठेवून घेतला. यासाठीच आयएसओ १५९२६ आलं, त्याचा डेटा मॉडेलचा भाग २००३ मध्ये निघाला. पंप म्हणजे काय, नोझल म्हणजे काय, याचा सगळ्यांना मान्य असा शब्दकोश करायचा आणि प्रत्येक प्रोग्रॅमनं त्या कोशाशी बोलायचं. प्रोसेसच्या आकृत्यांसाठी डेक्स्पी आहे, इमारतींसाठी आयएफसी आहे. मेहुण्यांनी एवढंच विचारलं, की हा कोश पुरा होईस्तोवर कारखाना थांबवायचा का. मीही मनात म्हटलं, की अंगणवाडी ते पेन्शन एवढा काळ मानकांच्या बैठका चालतात. पण तिच्याजवळ एक आकडा होता आणि तो आम्हा दोघांनाही गिळता येईना.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीनं २००४ मध्ये एक अहवाल काढला होता. मोठ्या इमारती आणि कारखान्यांच्या क्षेत्रात, माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात धड न गेल्यानं २००२ या एका वर्षात त्या देशाला सुमारे १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला, असा त्यांचा अंदाज. आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भार डिझाइनवाल्यांवर नाही, माझ्यासारख्या इरेक्शनवाल्यांवरही नाही. तो मालकावर आणि कारखाना चालवणाऱ्यांवर.

"तुम्ही डबा करून मोकळे होता, मामा. चाळीस वर्षं तो कारखाना चालवायचाय दुसऱ्यांना. व्हॉल्व्ह गळायला लागला की मेंटेनन्सवाला मॉडेल उघडतो आणि त्याला राखाडी पुतळा दिसतो. मग तो हातात टॉर्च घेऊन रॅकवर चढतो, नेमप्लेट वाचायला."

मेहुणे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे पटलं. पण माझं दुखणं दुसरंच आहे, ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. समज, उद्या जादू झाली. त्यांचा पाइप तुझ्याकडे नावगावासकट आला. स्पेक, मटेरियल, गास्केट, सगळं. आता तो कुणाचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे, तुला तो हलवता येतो ना आता? मधे तुझा बीम आला. तू दोनशे मिलिमीटर सरकवलास. तिकडे त्यांनी त्याच दिवशी तो वर उचलला. एका पाइपाच्या दोन जिवंत प्रती. मग आयसो कुणाचा खरा? मी मुद्दाम नुसता आकार मागायचो, ठमे. मरूनच आलेला. मेलेल्याला कुणी हलवत नाही. क्लॅश आला तर फोन करायचा: तुमचा पाइप आमच्या बीमला लागतो, तुम्ही बघा. जबाबदारी कुठे राहिली ते स्पष्ट."

मी इथे मेहुण्यांच्या पारड्यात माझं वजन टाकतो. फॉरमॅटची चर्चा करणारे पुष्कळ भेटतात. पाइपाचा मालक कोण, हा प्रश्न विचारणारे थोडे. जमिनीचा सातबारा एकच असतो म्हणून भांडण निदान कोर्टात तरी जातं. इथे दोन तलाठी, दोन उतारे आणि दोन्हींवर शिक्का.

लेकीनं मात्र वार उलटवला. "मेलेल्या आकाराला ओळख नसते, मामा. दर आठवड्याला त्यांची नवी फाइल येते. प्रत्येक तुकड्याला कायमची एक खूण असती, तर मागच्या आठवड्यापेक्षा काय बदललं ते मला मिनिटात कळलं असतं. आकार येतात तेव्हा प्रत्येक वेळी खुणा नव्या. प्रोग्रॅम म्हणतो, जुनं सगळं गेलं, नवं सगळं आलं. दोनशे मिलिमीटर सरकलेला पाइप शोधायला मी शुक्रवारची रात्र घालवते. मला तो हलवायचा नाहीये. मला त्याला हाक मारता आली पाहिजे."

हाक मारता आली पाहिजे. मेहुण्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"त्या चाळीस पाइपांची फाइल दाखव. आकाराची नको, तुझ्या प्रोग्रॅमनं नाकारली ती."

ती पीसीएफ होती. आयसो काढणाऱ्या आयसोजेन प्रोग्रॅमसाठी केलेला हा साधा अक्षरी नमुना; निरनिराळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम आज तो लिहितात आणि वाचतात. आयएसओची मानकं बैठकांमध्ये असताना पाइपांची देवघेव कितीदा तरी या अशा साध्या फाइलनं निभावून नेली आहे. नोटपॅडमध्येही उघडते. पाइप, एल्बो, फ्लँज असे शब्द, प्रत्येकाखाली टोकांचे तीन-तीन आकडे, पुढे बोअर, म्हणजे पाइपाचं आकारमान सांगणारा आकडा, आणि मग आयटम कोड. मेहुण्यांनी पोथी लावावी तशी ती लावली. ओठ हलत होते. एका एल्बोपाशी थांबून तोंडी वजाबाकी केली: सेंटर-पॉइंटपासून टोक २२९. "सहा इंची लाँग रेडियस, बरोबर आहे." मग बोट शेवटच्या आकड्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"हे काय आहे? १५२.४?"

"बोअर. मिलिमीटरमध्ये."

"सहा इंची पाइप १५२.४ कुठून आला?"

"सहा गुणिले पंचवीस पूर्णांक..." ती बोलता बोलता थांबली.

"कुणी गुणलं?"

कुणी गुणलं ते कळायला मार्ग नव्हता, पण काय झालं ते दिसत होतं. तिकडच्या ऑफिसनंही थोडं काम तिसऱ्याकडे दिलं असणार, त्यांचं इंचांत असणार, आणि कुणा हुशार पोरानं फाइल मिलिमीटरमध्ये करताना सगळ्या बोअरना २५.४ ने गुणणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली असणार. खाली बघितलं तर चार इंचीचं १०१.६ झालेलं, दोन इंचीचं ५०.८. गणित अचूक. लेकीच्या प्रोग्रॅमच्या कॅटलॉगमध्ये मात्र १५० आहे, १०० आहे, ५० आहे. १५२.४ चा एल्बो त्यात नाहीच, म्हणून प्रोग्रॅमनं निमूटपणे हात वर केले.

"सहा इंच हे माप नव्हे, ठमे," मेहुणे म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात विजय नव्हता, शिकवण्या घेणाऱ्याची हौस होती. "ते नाव आहे. सहा इंची पाइपात सहा इंच काही सापडत नाही. बाहेरून मोज, १६८.३ मिलिमीटर. शेड्यूल चाळीसचा आतून मोज, १५४ च्या आसपास. सहा इंच कुठेच नाही. बारा इंचीपर्यंत हीच गंमत. चौदा इंचीपासून पुढे बाहेरचं माप खरोखर चौदा इंच, ३५५.६. आणि मेट्रिकमध्ये त्याला म्हणतात ३५०. तेही नावच. नावाला कुणी गुणतं का? उद्या पाचगणीचं इंग्रजीत फाइव्ह-मॅथेमॅटिक्स करशील."

ती पोटभर हसली आणि मग कीबोर्डकडे वळली. बोअरच्या रकान्यातले ते आकडे शोधून बदलायला तिला चहाचा कप रिकामा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. फाइल पुन्हा आत घेतली. चक्र फिरत राहिलं. मग रॅकच्या डाव्या अंगाला एकेक करून पाइपांना रंग चढला. लाइन नंबर उमटले, व्हॉल्व्हना टॅग आले, दोन टेल शेजारच्या नोझलना जाऊन चिकटले. मेहुण्यांनी टाळी वाजवली नाही, पण मांडी बदलली, म्हणजे तेच.

"आता हे माझ्या प्रोग्रॅममध्ये हलवता येतात," ती सवयीनं म्हणाली.

मेहुण्यांनी माउसवर हात ठेवला. "आपले नाहीत ते."

"माहितीये." तिनं त्या चाळीस पाइपांना कुलूप घातलं, वाचायला मोकळे आणि हलवायला बंद, आणि तिकडच्या ऑफिसला मेल लिहायला घेतली, की मूळ फाइलमध्ये हे दुरुस्त करा, मी इथे केलेलं धरू नका. मेहुण्यांनी ती मेल खांद्यावरून वाचली आणि त्यातला 'कृपया' काढायला लावला.

आतून हाक आली. पानं मांडली होती. मेहुणे उठले, मी उठलो, आणि उठता उठता म्हटलं, "पोरी, जाताजाता एक बघ. गास्केट आहेत का त्यात?"

तिनं फाइलच्या शोधपट्टीत शब्द टाकला. फ्लँज एकशेबारा सापडले होते. गास्केट: शून्य.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी आलेच."

मेहुणे परत खाली बसले.